पहिलं बटण कोणी दाबलं?

ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लेखी उतारा. बोललो तसंच ठेवलंय, फक्त 'म्हणजे'ची संख्या थोडी कमी केलीय.

आजचा विषय इतिहासाचा आहे, पण सुरुवात माझ्या एका चुकीपासून करतो.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत गावी गेलो होतो. आमचं गाव खामगाव तालुक्यात, म्हणजे बुलडाणा जिल्ह्यातल्या घाटाखालच्या भागात. गावात एकदा कळलं की पोरगा पुण्यात कंप्युटरचं काम करतो, की मग टीव्हीच्या रिमोटपासून सातबाऱ्यापर्यंत सगळं आपल्याकडे येतं. तसंच शाळेतल्या एका सरांनी विचारलं, "प्रश्नमंजूषा घेतोय, पाच संघ आहेत. कोणी आधी बटण दाबलं ते दाखवणारं एखादं मशीन करशील का?"

मी म्हटलं, त्यात काय! एक आर्डुइनो उनो, दारावरच्या बेलची पाच बटणं, पाच एलईडी, एक छोटा स्क्रीन आणि एक भोंगा. एका संध्याकाळचं काम. जुन्या बिस्किटाच्या डब्याला भोकं पाडून सगळं बसवलं, एकेक बटण दाबून बघितलं, बरोबर दिवे लागले. झालं.

शेवटच्या फेरीत पहिला आणि चौथा संघ बरोबरीत होते. सरांनी प्रश्न विचारला, "जिजाऊंचा जन्म कुठं झाला?" आता सिंदखेड राजा आपल्याच जिल्ह्यात. बालवाडीतलं पोरगंही सांगेल. म्हणजे स्पर्धा उत्तराची राहिलीच नाही, बोटाची झाली. दिवा लागला पहिल्या संघाचा.

चौथ्या संघातली नववीतली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, मी आधी दाबलं होतं."

सर म्हणाले, "बाळा, माणूस चुकतो. मशीन कशाला खोटं बोलेल?" आणि माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. ती खाली बसली. एका गुणानं तिचा संघ हरला.

रात्री झोप येईना म्हणून लॅपटॉप उघडला आणि स्वतःचाच प्रोग्राम वाचला. दहा मिनिटांत कळलं की मुलगी बहुतेक खरं बोलत होती.

झालं होतं असं. माझा प्रोग्राम गोल गोल फिरत होता. पहिलं बटण दाबलंय का? नाही. दुसरं? नाही. तिसरं, चौथं, पाचवं? नाही. मग स्क्रीनवर उरलेली वेळ दाखव, २०० मिलिसेकंद थांब, आणि परत पहिल्यापासून. याला म्हणतात पोलिंग, म्हणजे दारोदार जाऊन विचारणं. आता समजा, तो २०० मिलिसेकंदांचा थांबा नुकताच सुरू झालाय आणि चौथीनं बटण दाबलं. त्यानंतर १३० मिलिसेकंदांनी पहिल्यानं दाबलं. दोघांची बोटं बटणावरच आहेत. प्रोग्राम जागा झाला आणि त्यानं आधी कोणाला विचारलं? पहिल्याला. कारण मी तसं लिहिलं होतं. पहिला हो म्हणाला, दिवा लागला, खेळ खल्लास.

दिवा लागलेला बघून बटण दाबायला माणसाला साधारण २०० मिलिसेकंद लागतात. म्हणजे बोटांची सगळी शर्यत ज्या वेळात होते, तेवढा वेळ माझं मशीन डोळे मिटून बसलं होतं. आणि उघडले की कायम पहिल्या संघाकडे बघत होतं.

दुसऱ्या दिवशी हे मी शेजारच्या काकूंना सांगितलं. काकू म्हणजे टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. तरुणपणी घाटाखालच्याच एका तालुक्याच्या गावी त्या मॅन्युअल एक्स्चेंजवर ऑपरेटर होत्या. त्यांनी माझं सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "अरे, हे तं आमच्या बोर्डासारखंच हाये."

तो बोर्ड कसा असायचा, ते समजून घ्या. आजच्या भागाचा अर्धा विषय त्यातच आहे.

समोर लाकडी बोर्ड. प्रत्येक फोनसाठी एक छोटी झडप आणि तिच्याखाली एक भोक. गिऱ्हाइकानं घरच्या फोनचं हँडल फिरवलं की तारेतून करंट येई आणि त्याच्या नंबरची झडप खटकन खाली पडे. पडली की पडलेलीच राही. गिऱ्हाइकानं हँडल सोडलं तरी झडप सांगत राही की याला बोलायचंय. रात्री ऑपरेटरला डुलकी लागली तर? त्यासाठी सगळ्या झडपांना मिळून एकच घंटा. कोणतीही झडप पडली की घंटा वाजणार. घंटा फक्त सांगते, "कोणीतरी बोलावतंय." कोण, ते बोर्डाकडे बघून कळणार.

हे तीन भाग लक्षात ठेवा: सामायिक घंटा, प्रत्येकाची वेगळी झडप, आणि उठून बघणारा माणूस. मायक्रोकंट्रोलरवर अनेक बटणांचे इंटरप्ट हाताळणं म्हणजे नेमकं हेच.

असा पहिला व्यावसायिक बोर्ड १८७८ साली अमेरिकेत न्यू हेवनला सुरू झाला. फक्त २१ गिऱ्हाइकं. चारच वर्षांनी, १८८२ मध्ये, मुंबईत एक्स्चेंज आलं. आणि अगदी सुरुवातीपासून प्रश्न तोच: दोन झडपा एकदम पडल्या तर आधी कोण?

मी काकूंना हेच विचारलं. त्या म्हणाल्या, "डॉक्टरची आधी. हे कुनी शिकवा लागते का बाप्पा?"

आणि मग?

"मंग पोलीस ठाणं. मंग बाकीचे. सावकाराचा फोन असला तं आम्ही आरामात उचलो." आणि हसल्या.

हसू आलं खरं, पण हा विनोद नाही. बोर्डावर एक अलिखित यादी होती आणि ती काकूंच्या डोक्यात होती. ट्रंक कॉलला तर लेखी यादीच होती. घरातल्या मोठ्यांना विचारा: ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग. जितकी घाई तितका दर चढा. लाइटनिंग आला की ऑर्डिनरीवाला रांगेत मागे. कंप्युटरच्या भाषेत याला इंटरप्ट प्रायॉरिटी म्हणतात. आपल्या आजोबांनी ती पैसे मोजून विकत घेतलेली आहे.

या अलिखित यादीवर अमेरिकेत एक माणूस चिडला होता. अल्मन स्ट्रोजर, कॅन्सस सिटीत अंत्यविधीचा व्यवसाय करणारा. असं सांगतात की त्याच्या प्रतिस्पर्ध्याची बायको टेलिफोन एक्स्चेंजवर ऑपरेटर होती आणि स्ट्रोजरकडे येणारी गिऱ्हाइकं ती आपल्या नवऱ्याकडे जोडून द्यायची. गोष्टीला मीठमसाला लागलेला असू शकतो, पण १८९१ साली स्ट्रोजरला स्वयंचलित स्विचचं पेटंट मिळालं हे पक्कं. मधला माणूसच काढून टाकायचा, म्हणजे पक्षपाताचा प्रश्नच मिटला, असा हिशोब.

मिटला का? पुढे बघू.

आता कंप्युटरकडे. सुरुवातीचे कंप्युटर एका वेळी एकच काम करायचे. बाहेरून माहिती यायची असेल तर थांबून वाट बघायचे, नाहीतर माझ्या डब्यासारखे दारोदार विचारत फिरायचे. १९५० च्या दशकात हे बदललं. १९५६ च्या युनिव्हॅक ११०३ए या मशीनमध्ये इंटरप्टची सोय आली. अमेरिकेत क्लीव्हलँडच्या लुईस प्रयोगशाळेत विंड टनेलमधली मापं अशा मशीनवर घेतली जायची. वारा काही कंप्युटरची वाट बघत थांबत नाही. माप आलं की हातातलं काम सोडायचं, माप नोंदवायचं आणि सोडलं तिथून पुढे सुरू करायचं. इंटरप्ट म्हणजे एवढंच. भाकरी करताना दारावरची बेल वाजली की आई तवा खाली उतरवते, दार उघडते आणि परत तवा ठेवते, तसं.

त्याच सुमारास नेदरलँड्समध्ये एड्स्गर डाइक्स्ट्रा नावाचा तरुण एक्स१ या मशीनसाठी इंटरप्टचा प्रोग्राम लिहीत होता. हो, शॉर्टेस्ट पाथ अल्गोरिदमवाला तोच डाइक्स्ट्रा. १९५९ ची त्याची पीएचडी याच कामावर आहे. त्याला इंटरप्टची धास्ती वाटायची, असं त्यानं पुढे लिहून ठेवलंय. कारण साधं आहे. इंटरप्ट कोणत्याही दोन सूचनांच्या मध्ये येऊ शकतो. चूक आज होईल, उद्या होणार नाही. परत करून दाखवा म्हटलं तर दाखवता येणार नाही.

हे वाचताना मला माझा डबा आठवला. टेबलावर एकेक बटण दाबून बघितलं तेव्हा सगळं चोख होतं. चूक दिसायला पाच पोरं, एक सोपा प्रश्न आणि एका गुणाचा फरक लागला. आणि "परत करून दाखव" म्हटलं असतं, तर त्या मुलीला ते दाखवता आलं नसतं.

पुढचा टप्पा तुमच्यापैकी अनेकांनी कॉलेजात रट्टा मारून पास केलाय: ८०८५. इंटेलनं ही चिप १९७६ साली आणली. तिला बाहेरून बोलवायला पाच पिन: ट्रॅप, आरएसटी ७.५, आरएसटी ६.५, आरएसटी ५.५ आणि आयएनटीआर. व्हायव्हात हमखास विचारतात, "प्रायॉरिटीचा क्रम सांग." आपण घडाघडा म्हणतो, ट्रॅप सगळ्यात वर, मग ७.५, ६.५, ५.५, शेवटी आयएनटीआर. ट्रॅप म्हणजे लाइटनिंग कॉल. तो प्रोग्राममधून बंदच करता येत नाही, म्हणून वीज जातेय अशा धोक्याच्या सूचनेसाठी ठेवतात. आणि ७.५ च्या मागे एक फ्लिपफ्लॉप असतो. बटण क्षणभर दाबून सोडलं तरी "दाबलं होतं" ही नोंद राहते. म्हणजे काकूंची झडपच! आम्हाला हे कोणी बोर्ड दाखवून शिकवलं असतं तर रट्टा मारावा लागला नसता.

पण क्रम पाठ करताना एक गोष्ट मला कधीच सुचली नाही: हा क्रम निसर्गानं दिलेला नाही. चिप बनवणाऱ्यांनी तो ठरवला आणि सिलिकॉनमध्ये कोरला. ७.५ ला ६.५ च्या आधी मान मिळतो, कारण कोणीतरी तसं म्हटलं.

बरं, पिन पाच आणि बटणं वीस असतील तर? इंटेलच्या एसडीके-८५ या शिकाऊ किटवर याचं छान उत्तर आहे. आपल्याकडच्या लॅबमधली कितीतरी किट त्याच घाटाची. कीबोर्डची बहुतेक बटणं थेट ८०८५ ला जोडलेलीच नाहीत. मध्ये ८२७९ नावाची वेगळी चिप बसवलीय. ती ६४ पर्यंत बटणं स्वतः तपासते. बटण दाबलं की आतली धातूची पट्टी काही मिलिसेकंद थरथरते आणि एकदा दाबलेलं पाच वेळा दाबल्यासारखं दिसतं. याला बाउन्स म्हणतात. तो ही चिप गाळून टाकते. आलेली बटणं आठपर्यंत रांगेत लावून ठेवते आणि मग ८०८५ ला एकच हाक मारते. एसडीके-८५ वर ती हाक ५.५ या पिनवर येते. म्हणजे बोर्डासमोर स्वतंत्र ऑपरेटर बसवली आणि साहेबाच्या टेबलावर फक्त एक घंटा ठेवली.

१९८० च्या ८०५१ मध्ये बाहेरच्या इंटरप्टसाठी फक्त दोन पिन होत्या. आणि आर्डुइनो उनोवरची एटमेगा३२८पी? तिच्यातही स्वतंत्र हाक ऐकणाऱ्या पिन दोनच, २ आणि ३ नंबरच्या. माझी बटणं पाच. म्हणूनच मी आळस करून पोलिंग लिहिलं होतं. पण त्याच चिपमध्ये आणखी एक सोय आहे: पिन चेंज इंटरप्ट. जवळपास सगळ्या पिन हाक मारू शकतात, पण त्यांचे तीन गट केलेत आणि प्रत्येक गटाला मिळून एकच घंटा. पिन ८ ते १३ एका गटात, ए० ते ए५ दुसऱ्यात, ० ते ७ तिसऱ्यात. घंटा वाजली की एवढंच कळतं की या गटात काहीतरी बदललं. कोणती पिन ते आपणच बघायचं: पोर्ट एका झटक्यात वाचायचा आणि आधीच्या नोंदीशी ताडून बघायचा.

काकूंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "मंग आम्ही येगळं काय करो?"

मी डबा नव्यानं लिहिला. त्यात तीन गोष्टी ठरवून केल्या.

एक, पाचही बटणं एकाच गटात घेतली, पिन ८ ते १२ वर. तीन बटणं एका गटात आणि दोन दुसऱ्यात असती, तर दोन्ही घंटा एकदम वाजल्यावर चिपनं ठरलेल्या क्रमानं आधी पहिल्या गटाला ऐकलं असतं. म्हणजे पक्षपात मागच्या दारानं परत आत!

दोन, घंटा वाजल्यावर फक्त नोंद करायची. पोर्ट वाचायचा, त्या क्षणी कोणाकोणाची बटणं दाबलेली आहेत ते लिहून ठेवायचं आणि दार लावून घ्यायचं. भोंगा, दिवा, स्क्रीन हे सगळं बाहेर आल्यावर. बाउन्सचाही इथं त्रास नाही, कारण पहिली नोंद झाली की पुढची थरथर ऐकायचीच नाही. काकू फोन जोडत बसल्या असत्या आणि मागे झडपा पडत राहिल्या असत्या, तसं होऊ द्यायचं नाही.

तीन, त्या एका वाचनात दोन बटणं दाबलेली दिसली तर? पहिल्या वेळी मी 'पहिला, नाहीतर दुसरा, नाहीतर तिसरा' अशी उतरंड लिहिली होती. ती काढली. दोन दिसली तर दोन्ही दिवे लागतील आणि प्रश्न बाद होईल.

इथं एक कबुली. इंटरप्ट वापरला म्हणून डबा प्रामाणिक झाला, असं नाही. दर मिलिसेकंदाला पाचही पिन एकदम वाचणारं पोलिंगही प्रामाणिकच ठरलं असतं. टेलिफोनचं पुढे तेच झालं. सी-डॉटची स्थापना १९८४ ची. १९८६ मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला त्यांचं १२८ लाइनचं ग्रामीण स्वयंचलित एक्स्चेंज बसलं आणि मग अशी एक्स्चेंज देशभर पसरली. इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज सगळ्या लाइन सतत एकामागून एक तपासत राहतं. दारोदारच फिरतं, पण इतक्या वेगानं की आपल्याला वाट बघितल्याचं कळत नाही. तेव्हा पोलिंग वाईट आणि इंटरप्ट चांगला, असा धडा घेऊन जाऊ नका. माझी चूक दोन ठिकाणी होती: डोळे मिटून घालवलेल्या वेळात आणि विचार न करता लिहिलेल्या क्रमात.

आता स्ट्रोजरकडे परत. माणूस काढला की पक्षपात संपतो, असं त्याला वाटलं. माझ्या डब्यात माणूस नव्हता. ना कोणाची बायको, ना कोणाचा भाऊ. तरी पहिल्या संघाला झुकतं माप मिळत होतं, आणि तेही कोणाच्या मनात नसताना. काकू डॉक्टरची झडप आधी उचलायच्या तेव्हा त्यांना विचारता यायचं, "का हो?" आणि उत्तर मिळायचं. माझ्या डब्याला विचारलं तर उत्तर काय? "कारण एक हा आकडा चारच्या आधी येतो." अनेक जण एकदम बोलावतात तेव्हा कोणाचं आधी ऐकायचं, हे मशीन ठरवत नाही. ते आधीच कोणीतरी ठरवलेलं असतं. शहाणपणानं ठरवलं तर त्याला प्रायॉरिटी म्हणतात. न कळत ठरलं तर ती कोणाच्या तरी वाट्याला आलेली अन्यायाची एक ओळ असते.

सरांना मी फोन करून सगळं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "निकाल तर लागून गेला रे." ते खरंच होतं. बक्षिसाच्या वह्या वाटूनही झाल्या होत्या.

पुढच्या जानेवारीत नवा डबा घेऊन गेलो. स्पर्धेआधी पाच मिनिटं मागून घेतली आणि गेल्या वर्षी मशीन चुकलं होतं, आणि ते मी केलेलं होतं, हे सगळ्यांसमोर सांगितलं. पोरं हसली. ती मुलगी आता दहावीत होती. ती हसली नाही. उठून डब्यापाशी आली, दोन्ही अंगठ्यांनी पहिलं आणि चौथं बटण एकदम दाबलं. पहिला दिवा लागला. मी घाबरलो. तिनं रीसेट करून परत दाबलं. चौथा लागला. मग तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. कधी हा, कधी तो. शेवटी मी दोन्ही बटणांच्या तारा हातानं जोडून एकच केल्या आणि दाबून दाखवलं. दोन्ही दिवे लागले.

"मग आता गुण कोणाला?" तिनं विचारलं.

"कोणालाच नाही. प्रश्न बाद, दुसरा विचारायचा."

"हं," म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली. मागच्या वर्षीच्या गुणाबद्दल ती काही बोलली नाही. मीही नाही.

तर मंडळी, तुमच्यापैकी कोणी प्रोजेक्ट करत असेल, तर आज रात्री एक काम करा. आपल्या कोडमधली 'नाहीतर, नाहीतर'ची उतरंड शोधा आणि स्वतःला विचारा: हा क्रम मी ठरवला, की तो असाच पडला? आणि घरात कोणी जुन्या एक्स्चेंजवर काम केलेलं असेल, तर त्यांना दोन झडपांचा प्रश्न नक्की विचारा. भेटू पुढच्या भागात.